फेगडे डॉक्टर आणि हसनमास्तरांचा दात

फेगडे डॉक्टर दातात काम करताना डोळे मिटून घेत.

आधी भिंग लावून दात नीट बघायचे, पायाने यंत्र फिरवून त्याला वरून भोक पाडायचे. तोवर डोळे टक्क उघडे. मग केसाएवढी बारीक सुई दोन बोटांत धरून ती दाताच्या मुळात उतरवली, की यांच्या पापण्या खाली आल्याच म्हणून समजा. खुर्चीतल्या माणसाचं तोंड कापसाने भरलेलं, बोलायची सोय नाही. तो बिचारा बुबुळं फिरवून सोबत आलेल्या माणसाकडे बघायचा, आणि सोबतचा माणूस घाबरून विचारायचा, "अय, डाक्टर झोपी गया का काय?"

"झोपलो नाही रे बाबा," डोळे न उघडताच डॉक्टर सांगत. "मुळाच्या आत अंधार आहे. तिथं माझे डोळे काय कामाचे? बोटांना दिसतंय, तेवढं बघू दे त्यांना."

हे ऐकून किती जण खुर्चीतून उठून गेले असतील, देव जाणे. जे बसून राहिले, त्यांचे दात मात्र राहिले.

त्या काळात धुळ्यात दात दुखला तर माणूस आधी लवंग धरी, मग मिसरी लावी, मग कोणाचा तरी मंत्र घेई आणि शेवटी चिमट्याखाली जाई. दुखरा दात काढायचा असतो याबद्दल शिकलेल्या आणि न शिकलेल्या लोकांचं अगदी एकमत होतं. शेतावरून आलेली माणसं तर एका दातासाठी सगळेच काढायला सांगत; खुर्चीत बसताबसता म्हणत, "बठ्ठा दात काढी टाका डाक्टर, रोजनी कटकट नको." यावर फेगडे डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोट दुखलं म्हणजे पोट काढतोस का? दात काय फुकट आलाय?" आणि मग दात बघायच्या छोट्या आरशाच्या दांडीने ते त्या दातावर टकटक करत, मान तिरकी करून ऐकत. "दात बोलतो," ते म्हणत. "बरा दात खणखणीत बोलतो, आजारी दात दबक्या आवाजात बोलतो. पण मेला मुका म्हणून कोणी त्याचं ऐकूनच घेत नाही."

मी देवपूरच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील. एका दुपारी मधल्या सुट्टीत एक उंच, काळेसावळे गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. अंगात पांढरा कोट, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. मला वाटलं, तपासणीला कोणी साहेब आला.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्याकडं स्क्रू गेज आहे म्हणे."

ते दाताचे डॉक्टर आहेत, पांझरा नदीच्या पलीकडे त्यांचा दवाखाना आहे, हे नंतर कळलं. आधी त्यांनी खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. डबीतून सुया निघाल्या. काही पिळाच्या, काही काटेरी, काही नुसत्या. प्रत्येकीच्या दांडीवर नंबर.

"नंबर आहे की यांच्यावर," मी म्हणाले. "मोजायचं काय त्यात?"

माझी ती एक चूक झाली. पुढची सगळी मधली सुट्टी मला त्या नंबरांची कुंडली ऐकावी लागली. एका कंपनीची तीन नंबरची सुई दुसऱ्या कंपनीच्या पाच नंबरएवढी जाड असते. एकाच कंपनीच्या दोन डब्यांतल्या सुया एकमेकींना ओळख देत नाहीत. सुईच्या मापाने मुळातली वाट रुंद करायची आणि मग तेवढ्याच जाडीची चांदीची काडी तिच्यात बसवून वाट कायमची बुजवायची, हा खरा उपचार. पण सुई एका मापाची आणि काडी दुसऱ्या मापाची असली, तर मध्ये फट राहते. त्या फटीत पुन्हा कुजायला सुरुवात होते, आणि सहा महिन्यांनी माणूस गाल धरून दारात उभा. "आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो, दात काढायला पाहिजे होता!" डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. सुया उडाल्या. "दोष दाताचा नाही, बाई. दोष मापाचा आहे."

मला यातलं निम्मंसुद्धा खरं वाटलं नाही. पण मी मोजून बघणाऱ्यांतली आहे. मी स्क्रू गेज काढला, एकाच नंबरच्या दोन सुया घेतल्या आणि मोजल्या. दोन्हींत फरक होता. तिसरी घेतली, तिचं माप तिसरंच. छापलेल्या आकड्यावर मुलांनी डोळे झाकून विश्वास ठेवला की मी त्यांना ओरडत असे. म्हणून असेल, पण त्या क्षणी मला या गृहस्थांबद्दल एकदम जवळीक वाटली.

शाळेचं उपकरण बाहेर द्यायचा नियम नव्हता आणि मी नियम मोडणाऱ्यांतली नव्हते. म्हणून मग शनिवारची सकाळची शाळा सुटली की डॉक्टरच सुया घेऊन प्रयोगशाळेत येऊ लागले. ते एकेक सुई चिमट्यात धरून देत, मी माप सांगत असे. ज्या सुया एका मापाच्या निघत त्यांचे नंबर ते कानशीने खरवडून काढत आणि दांडीला रंगीत रेशीम गुंडाळत. रेशीम माझ्या भरतकामाच्या डब्यातलं. सगळ्यांत बारीक ती पांढरी, मग पिवळी, मग तांबडी, निळी, हिरवी, आणि जाडजूड ती काळी. हे रंग कसे ठरले असं कोणी विचारलं तर डॉक्टर गंभीरपणे सांगत, "शास्त्रीय आधारावर." आधार एवढाच, की माझ्या डब्यात त्या लड्या त्या क्रमाने ठेवलेल्या होत्या.

परदेशी माल मिळणं तेव्हा मुश्किल झालं होतं. त्यामुळे मोडलेली सुई हे त्यांच्या घरचं सुतक असे. मग ते घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगा, सतारीच्या तारा असलं काहीबाही आणून दगडावर घासत बसत. चांदीच्या काड्यांसाठी जळगावला सराफ बाजारात जात. तिथल्या एका कारागिराला त्यांनी पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या मापाची तार ओढून द्यायला शिकवलं होतं. तो कारागीर प्रत्येक वेळी विचारी, "डॉक्टर, एवढ्या तारेत पैंजणाला घुंगरूसुद्धा बसणार नाही. घालतं कोण हे?" डॉक्टर म्हणत, "जो घालतो त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तो मी."

या संशोधनात घरातलं माणूसही सुटलं नव्हतं. त्यांच्या पत्नी कमलाक्का, जामनेरच्या. स्वयंपाक झाला की देवाच्या वाती वळायला बसत. डॉक्टरांनी एक दिवस त्यांच्या हातातली वात बघितली आणि म्हणाले, हिच्या दहाव्या हिश्शाची जमेल का? जमली. दाताच्या मुळातली ओल टिपून घ्यायला कागदाच्या काड्या विलायतेहून येत. त्यांच्या जागी कमलाक्कांच्या वाती आल्या, भट्टीत तापवून निघालेल्या. देवाच्या वातींचा डबा वेगळा आणि दातांच्या वातींचा वेगळा. एकदा डबे बदलले आणि संध्याकाळी निरांजन काही केल्या पेटेना. तेव्हा कमलाक्का मला म्हणाल्या, "देवालेबी दाताची वात दिली म्या. आता त्याची दाढ दुखाची नाही कधी."

नव्या पद्धती जिवंत माणसावर करण्याआधी डॉक्टर त्या काढलेल्या दातांवर करून बघत. मग तो दात उभा चिरून, आत कुठे घाण राहिली का, काडी टोकापर्यंत गेली का, हे भिंगाखाली पाहत. यासाठी दात लागत, आणि दात मिळत नसत. काढलेला दात लोक पदरात बांधून घरी नेत. शरीराचा तुकडा परक्याच्या हाती पडला तर करणी व्हायची, ही धास्ती. एका म्हातारीने तर डॉक्टरांना बजावलं होतं, "मन्हा दात माले दे. तू त्यानं काय करशीन?"

तेव्हा डॉक्टरांना सासुरवाडीची आठवण झाली. जामनेरच्या बाजारात एक दात काढणारा बसे. लाल फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून. जावईबापू दिवाळीला गेले आणि पुरणपोळी टाकून त्याच्यापुढे उकिडवे बसले. दात विकत मागू लागले. तो माणूस तयार होईना, कारण तो ढीग हीच त्याची पाटी होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उसने दे. काम झालं की परत करतो." तो म्हणाला, "पन तुमी तर ते फोडता. फोडेल दात मी कुठी मांडू? लोकं म्हनतीन, याच्या हातून दात फुटता!"

सौदा असा ठरला की फडक्यावर मांडायला चांगले अखंड दात त्याच्याकडे राहावेत आणि किडके डॉक्टरांनी न्यावेत. दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवलं असं वाटलं, म्हणून तो सौदा पुढे बरीच वर्षं चालला. कमलाक्कांचं दुःख वेगळं होतं. "लोकाह्यचे जावई सासरहून धोतरजोडी आनता," त्या म्हणत. "आमच्या माहेरचे जावई पिसवी भरून दात आनता."

आता हसनमास्तरांविषयी सांगते, कारण डॉक्टरांची सगळी गोष्ट शेवटी त्या एका दातापाशी येऊन थांबते.

हसनमास्तर म्हणजे धुळ्यातल्या एका बँडचे मालक. लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालरी, आणि हातात क्लॅरिनेट. लग्नाच्या वरातीत ते वाजवू लागले की नवरदेवाचा घोडासुद्धा संथ चाले, असं लोक म्हणत. क्लॅरिनेटची चोच वरच्या पुढच्या दातांना टेकवून धरावी लागते. नेमका त्यातलाच एक दात त्यांना छळू लागला. चोच टेकली की कळ थेट कपाळात जाई. लग्नाचा हंगाम तोंडावर आलेला.

मास्तर आधी गेले ते गावातल्या सगळ्यांत मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणत असू. माणूस खरोखर मोठा, हाताला यश असलेला. पण त्यांचं एक ठाम मत होतं. दाताची नस गेली की तो दात मेला, आणि मेलेला दात तोंडात ठेवणं म्हणजे अंगात विष साठवणं. त्या विषाने सांधे धरतात, हृदय बिघडतं. त्या काळात भलेभले डॉक्टर असंच मानत. ते मास्तरांना म्हणाले, काढून टाका.

मास्तर तिथून निघाले ते सरळ फेगड्यांच्या दवाखान्यात. "डॉक्टरसाब, दात गेला म्हणजे बाजा गेला," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "ही चोच हिरडीवर टेकवून काय फुंकर मारू? आमच्या वालिदसाहेबांपासून घरात हेच एक काम. मला दुसरं काही येत नाही."

फेगड्यांनी टकटक केली. मान तिरकी केली. "बोलतोय अजून," ते म्हणाले. "दबक्या आवाजात बोलतोय, पण बोलतोय. मास्तर, दात ठेवू."

माझी एक दाढ त्यांच्याकडे चालू होती आणि मास्तरांच्या मागे माझा नंबर होता, म्हणून पुढचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. मास्तरांना धीर द्यायला बँडमधला ढोलवाला सुपडू आला होता. दंडाने ढोल फोडील असा गडी, पण खुर्चीकडे बघायची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी सुई टोचून हिरडी बधिर केली, दाताला मागून भोक पाडलं, काटेरी सुई आत घातली आणि डोळे मिटले. बोटांनी जरासा पीळ दिला. सुई बाहेर आली ती टोकाला एक लालसर, ओला, बारीक धागा लपेटून. ती दाताची नस. सुपडूने नेमका त्याच वेळी डोळा उघडला.

"किडा!" तो ओरडला. "हाऊ देखा, किडा निंघना!"

आमच्याकडे दात किडतो म्हणजे आत खरोखरच किडा बसलेला असतो, अशी लोकांची समजूत. जत्रेत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा पाडून दाखवणारे भोंदू असत. सुपडूने असे किडे पुष्कळ पाहिले होते, पण डोळ्यांदेखत दातातून ओढून काढलेला हा पहिलाच. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं की ही नस आहे. सुपडू म्हणाला, "मी मन्हा डोयाघाई देखा." आणि त्याने बोटाने स्वतःचे डोळे दाखवले.

पुढच्या काही खेपांत डॉक्टरांनी ती वाट पांढऱ्या सुईपासून हिरव्या सुईपर्यंत रुंद केली, कमलाक्कांच्या वातींनी कोरडी केली, औषध घालून ठेवली आणि शेवटी हिरव्या मापाची चांदीची काडी आत बसवली. मास्तरांनी हंगामातली पहिली वरात वाजवली. कळ नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या गल्लीत एकाएकी ढोलताशे वाजू लागले.

सगळा बँड डगले घालून आला होता. पुढे मास्तर डोळे मिटून वाजवताहेत, मागे सुपडू ढोल बडवतोय आणि मध्येच ढोल थांबवून ओरडतोय, "फेगडे डाक्टरनी किडा काढा! जित्ता किडा!" गल्लीत माणूस मावेना. ज्यांचे दात दुखत होते ते आले, ज्यांचे दुखत नव्हते तेही आले. माझ्या शेजारच्या बाईने पोराला कडेवर घेऊन विचारलं, याचा किडा लहानपणीच काढून ठेवता येईल का?

दुसरा कोणी असता तर हात जोडून उभा राहिला असता. त्या बँडची ती जाहिरात त्याला जन्मभर पुरली असती. फेगडे पायरीवर आले, दोन्ही हात वर केले आणि बँड थांबवला.

"किडा नव्हता!" ते ओरडले. "दातात किडा नसतो. ती नस होती. माझ्याकडं कोणी किडा काढायला येऊ नका. दात राखायचा असेल त्यानं यावं."

मागून कोणीतरी नाराजीने म्हणालं, "मंग आमना किडा कोन काढी?" लोक पांगले. पुढे कितीतरी दिवस दवाखान्यातलं बाकडं रिकामं दिसे. कमलाक्का संतापल्या. "नुसतं हो म्हटलं असतं तं काय दात पडले असते तुमचे?" डॉक्टर शांतपणे सुया पुसत म्हणाले, "हो म्हटलं असतं तर उद्यापासून त्या धुरीवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?"

सुपडूला मात्र त्यांनी सोडलं नाही. स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेला तो धागा आणि सुपडू, दोघांना घेऊन ते माझ्या प्रयोगशाळेत आले. धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघ. याला डोकं आहे? तोंड आहे? पाय आहेत?" सुपडूने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, "डोकं नही, तोंड नही, पाय नही. भलता गरीब किडा शे बिचारा."

मी इतकी हसले की मला बाहेर व्हरांड्यात जावं लागलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू पुन्हा ये. आपण पुन्हा बघू." त्यांची चिकाटी ही अशी होती. ती बघून मला कधी हसू येई, कधी चक्क राग येई, आणि आता गहिवरून येतं.

पण किड्याची बातमी त्यांच्या आधी जळगावला पोचली होती. तिथे त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही खानदेशांतल्या डॉक्टरांची एक सभा भरली आणि फेगड्यांना आपलं काम मांडायला अर्धा तास मिळाला. मापांची साक्ष द्यायला म्हणून त्यांनी मलाही ओढून नेलं. आम्ही दारातून आत शिरतो तोच कोणीतरी म्हणालं, "आले, किडेवाले डॉक्टर आले." पुष्कळ जण हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी कोटाची बटणं लावली आणि पिशवीतून जामनेरचे चिरलेले दात काढून टेबलावर ओळीने मांडायला घेतले.

ते इतकं छान बोलले! जाडी, फट, काडी, रंग, सगळं. हसणारे हळूहळू पुढे सरकून दात हातात घेऊन बघू लागले. मग मोठे डॉक्टर उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"फेगडे, तुमचे हात चांगले आहेत," ते म्हणाले. "पण मेलेला तो मेलेला. घरात मढं कोणी ठेवतं का?"

"नाही ठेवत," फेगडे म्हणाले. "पण डॉक्टर, तुमच्या घराला सागाचे खांब आहेत. ते झाड जिवंत आहे का? झाड मेलं म्हणून खांब कोणी काढत नाही. त्याला वाळवी लागू देत नाही, एवढंच."

सभा हसली, या खेपेला फेगड्यांच्या बाजूने. मोठे डॉक्टरही हसले, पण बसले नाहीत. "एका बँडवाल्याचा एक दात एक हंगाम टिकला, याला मी पुरावा म्हणत नाही. वर्षं जाऊ द्या. मग बघू."

"बघा," फेगडे म्हणाले. "मी पण बघणार आहे. आणि तो दात गेला, तर दवाखाना बंद करून गावाकडं केळी लावीन. सगळ्यांदेखत सांगतो."

असं काही बोलायची गरज नव्हती. परतीच्या गाडीत मी त्यांना तसं म्हटलंही. "एका दातावर सगळी विद्या लावलीत, डॉक्टर?" तेव्हा ते खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत म्हणाले, "एका दातावर नाही, बाई. मापावर लावली. माप बरोबर आहे."

त्यानंतर सुरू झाला तो हसनमास्तरांचा पाठलाग. मास्तर कुठे वाजवणार हे कळलं की डॉक्टर तिथे हजर. आमंत्रण असो वा नसो. लोक नवरदेव बघायला येत, हे बँडच्या पुढे उलटे चालत मास्तरांच्या तोंडात बघत. कुठे वधूपक्षाला वाटे हे वरपक्षाचे, वरपक्षाला वाटे वधूपक्षाचे, म्हणून दोन्हीकडून पान-सुपारी मिळे. दोन गाण्यांच्या मध्ये ते खिशातून आरशाची दांडी काढत, मास्तर मुकाट्याने ओठ वर करत, टकटक होई, डॉक्टर ऐकत, आणि मान डोलवून चालू लागत. मास्तरांनी ही गोष्ट फार मानाची समजली होती. ते नव्या वादकांना सांगत, "आपला दात म्हणजे साधा दात नाही. जळगावला त्याच्यावर सभा झालीय."

बाकडं पुन्हा भरलं. किड्यासाठी नाही, दातासाठी भरलं. दोघेतिघे नवे दंतवैद्य त्यांच्याकडून रंगीत रेशमाच्या सुया मागून घेऊन गेले. वर्षं गेली. आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत पडदा आला.

आधी ते भिंग बदलत राहिले. मग खिडकीजवळ खुर्ची सरकवली. एकदा तर माझ्याच दाढेला भोक पाडताना ते थांबले, यंत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, बोटांना दिसतंय, पण दारच सापडत नाही." मला रडू आलं. तोंडात कापूस होता म्हणून बोलता आलं नाही, ते बरंच झालं. त्यांनी नव्या दंतवैद्यांपैकी एकाला बोलावलं, माझी दाढ त्याच्याकडून पुरी करून घेतली आणि त्याच आठवड्यात सगळ्या सुया त्याच्या स्वाधीन केल्या. आरशाची दांडी तेवढी खिशात ठेवली. "आता रावेरकडं शेतावर जातो," ते म्हणाले. "केळीच लावणार. पण शर्त हरून नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मोठ्या डॉक्टरांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात. साठ साल उजाडलं होतं. फेगडे गावाहून मुद्दाम आले होते. कमलाक्कांनी त्यांचा हात धरला होता. वरात मांडवाच्या दाराशी आली. हसनमास्तर आता पिकले होते, पण डगला तोच आणि फुंकरही तीच. मोठे डॉक्टर दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नसे.

फेगडे गर्दीत उभे होते. मास्तरांकडे तोंड करून, डोळे मिटून, मान तिरकी. सूर थांबला तसे ते हात पुढे करून चाचपत निघाले. मास्तरांनीच त्यांना ओळखलं आणि पुढे येऊन ओठ वर केला. सगळी वरात थांबली. नवरदेव घोड्यावर ताटकळला. सुपडूने ढोल हाताने दाबून धरला.

टक टक.

"बोला," मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. "काय म्हणतो?"

फेगड्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि दांडी पुढे केली. "तुम्हीच विचारा त्याला."

दोन माणसांच्या आधाराने मोठे डॉक्टर उठले. मास्तरांजवळ आले. दांडीने त्या दातावर टकटक केली, कान देऊन ऐकलं, पुन्हा केली. मग तिथेच उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "फेगडे, या गुडघ्यांसाठी मी माझे सगळे दात काढून घेतले. विष जाईल म्हणून. दात गेले. गुडघे अजून दुखतात."

फेगड्यांनी चाचपत त्यांचा दंड धरला आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. एकाला नीट दिसत नव्हतं आणि एकाला नीट चालता येत नव्हतं, त्यामुळे त्या चार पावलांना जरा वेळ लागला. सगळे थांबले होते.

मग फेगडे वळले. "वाजवा मास्तर," ते म्हणाले. "नवरदेव केव्हाचा थांबलाय."

मास्तरांनी क्लॅरिनेटची चोच त्या दाताला टेकवली.